माळावरची मुरमाड जमीन पहिल्यांदाच हातात आलीय? आधी पहार घ्या, जेसीबी नंतर बोलवा

वळवाचा एक दणका पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्याच्या माळावर या, आणि तिथून तशीच गाडी काढून खाली नीरेच्या कॅनॉलकडच्या काळ्या रानात जा. खाली पाय टाकला की चप्पल चिखलातच राहते, पाय तेवढा वर येतो. वर माळावर मात्र अकरा वाजेपर्यंत गाडीमागे धुरळा उडायला लागलेला असतो, रात्री काही पडलंच नाही असं वाटावं. तालुका तोच, बारामती, पावसाचा ढगही बऱ्याचदा तोच असतो.

माझ्याकडे सासऱ्यांच्या वाटणीतली सव्वादोन एकर अशीच माळाची जमीन आली, जिरायत पट्ट्यातली, आणि पहिल्या दोन वर्षांत जे जे करू नये ते बहुतेक सगळं मी करून बसले. आता पुण्यामुंबईची मंडळी या बाजूला फार्म प्लॉट घेतात, ओळखीतून फोन येतो, "ताई, माती चांगली आहे ना?", मी विचारते किती इंच आहे, की पलीकडे एकदम शांतता. म्हटलं हे एकदा नीट लिहूनच ठेवावं.

आधी नावांचा घोळ. हलकी जमीन, बरड, मुरमाड, माळरान, हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात आणि रोजच्या बोलण्यात चालतंही. हलकी म्हणजे पाणी धरून न ठेवणारी, नांगराला सोपी. मुरमाड म्हणजे मातीत बारीकमोठे दगड-खडे भरलेली, खाली मुरूम असलेली. बरड म्हणजे त्याहून वाईट, खडक जवळजवळ वरच आलेला. आणि वाळूसारखी म्हणतात ती ही, पण खरी वाळू इथे नाही बरं का. राजस्थानात थरच्या वाळवंटात जी वाळू आहे तिच्यात गारगोटीचे कण जास्त, ते हजारो वर्षं तसेच राहतात, झिजून त्यांची चिकणमाती होत नाही. आपला खडक काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो कुजतो. आधी मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ दगड होतो, मग मुरूम, मग तांबूस-तपकिरी माती, आणि त्या मातीत चिकण असतेच. म्हणजे आपल्या माळावर दगडांच्या फटीत थोडी चिकट माती अडकलेली असते. निचरा वाळूसारखा, पण हाताला लागते ती माती वाळूसारखी खरखरीत नाही, आणि इथेच नवीन माणूस फसतो, मूठभर माती ओली करून लाडू वळतो आणि म्हणतो अरे ही तर छान आहे.

पायरी १: सातबारा बघा, मग नुसतं चालत फिरा

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' किती लिहिलाय ते बघा. माळाच्या गटात दोन एकरातली पाऊण एकर पोटखराब्यात असणं अगदी नेहमीचं, आणि प्लॉट विकणारा माणूस ती ओळ बोटाखाली झाकूनच कागद दाखवतो असा माझा अनुभव (सगळे तसे नसतात, मान्य). पोटखराबा म्हणजे फसवणूक नव्हे, कुणीतरी मागे कधीतरी मोजणीच्या वेळी ही जागा लागवडीजोगी नाही असं ठरवलं होतं एवढंच. ती जागा नेमकी कुठे, हे जमिनीवर जाऊन बघायचं.

फिरायला दोन वेळा जा. एकदा एप्रिल-मे मध्ये सगळं वाळलेलं असताना, तेव्हा दगड, उतार, घळी स्पष्ट दिसतात. दुसऱ्यांदा मृगाचे दोन पाऊस झाल्यावर. काय उगवलंय त्यावरून खालचं कळतं. तरवड, निवडुंग, आखूड कुसळी गवत, खुरटी बोर असेल तर माती पातळ. हिवर उभा असेल तर त्याची मुळं मुरमाच्या भेगांत गेलेली आहेत, म्हणजे खडक अगदीच सलग नाही, ही चांगली खूण. साधी बाभूळ जोमात असेल, हरळी पसरलेली असेल तर तिथे माती साचलीय, बहुतेक ती जागा उताराच्या पायथ्याला असते. लव्हाळा दिसला तर तिथे पाणी थांबतं. वेड्या बाभळीवरून मात्र काही ठरवू नका, ती कुठेही येते.

पायात बूट घाला. दगड उचलताना आधी काठीने उलटा, हाताने नको. फुरसं, विषारी साप, याच माळावर, याच दगडांखाली असतं, वीतभर-दीडवीतभर, मातीच्याच रंगाचं, आणि ते पळून न जाता तिथेच बसून राहतं. आमच्याकडे गडी माणसंसुद्धा फावड्याच्या दांड्यानेच गोटा पलटतात.

पायरी २: पहार

ही पायरी चुकवली तर पुढचं सगळं फुकट आहे.

एकरी निदान आठ-दहा जागी पहारीने भोक पाडा. वरच्या टोकाला, मध्यात, पायथ्याला, आणि मध्येच जिथे गवताचा रंग बदलतो तिथे. एक लोखंडी सळई घ्या, तिच्यावर ऑइलपेंटने दर ५ सेंटिमीटरला खूण करा. पहार मातीत जाते तेव्हा 'भस्स' असा आवाज येतो, मुरमात गेली की कर्रकर्र करते, आणि कातळाला लागली की टण्ण होऊन मनगटापर्यंत झिणझिण्या. चार भोकं झाली की आवाजावरून खोली सांगता येते, चेष्टा नाही. एका कागदावर गटाचा ढोबळ नकाशा काढून प्रत्येक जागी सेंटिमीटर लिहा, माती किती आणि मुटका मारला तर फुटेल असा मऊ मुरूम किती, दोन्ही वेगळे. दोन ठिकाणी मात्र कंबरभर नाही तरी गुडघाभर खड्डा खणून भिंत बघाच. मुरमात पांढऱ्या रेघा किंवा खडे दिसले तर चुनखडी आहे, त्यावर लिंबू पिळा किंवा थोडं व्हिनेगर टाका, फसफसलं की नक्की झालं.

आकडे वाचायचे कसे? कोरडवाहूवाल्या कृषी शास्त्रज्ञांनी आपल्याकडे एक साधी उतरंड घालून दिलीय. मातीची खोली साडेसात सेंटिमीटरपर्यंत असेल तर तिथे गवत-कुरण, बस. साडेसात ते साडेबावीसमध्ये गवत आणि जोडीला काटक झाडं. साडेबावीस ते पंचेचाळीसमध्ये खरिपाचं हलकं पीक, म्हणजे बाजरी, मटकी, हुलगा, तूर. पंचेचाळीसच्या पुढे रब्बीचा विचार. माझ्या सव्वादोन एकरात पंचेचाळीसच्या पुढे गेलेली एक जागा निघाली, पायथ्याला, साधारण बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी. बाकी सगळं १२ ते २५. हे जर मी खरेदीखत नसलेल्या, आयत्या आलेल्या जमिनीत पहिल्याच आठवड्यात मोजलं असतं तर पुढचे पैसे वाचले असते.

पायरी ३: चाळण, तराजू, आणि काचेची बरणी

दगड किती हे डोळ्यांनी कळत नाही. एक किलो वाळलेली माती घ्या, साधारण २ मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेले खडे पाण्यात चोळून धुवा (त्यांना चिकण माती चिकटलेली असते, ती मोजायची नाही), वाळवून वजन करा. माझ्याकडे किलोमागे ५५० ग्रॅम खडे निघाले. दगड मातीपेक्षा जड, त्यामुळे वजनाने निम्म्याहून जास्त म्हणजे जागेच्या हिशोबात साधारण चाळीस टक्के. म्हणजे २० सेंटिमीटर खोल मातीत खरी कामाची माती १२ सेंटिमीटरच.

चाळणीखालची माती बरणीत एक तृतीयांश भरा, पाणी ओता, चिमूटभर कपड्यांची पावडर टाका, जोरात हलवा आणि ठेवून द्या. जाड रेव मिनिटभरात तळाशी बसते, त्यावर पोयट्याचा, म्हणजे रेवेहून बारीक पण चिकट नसलेल्या मातीचा थर दोन-चार तासांत, आणि चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळच ठेवते. मग बाहेरून फुटपट्टी लावायची, कुठला थर किती. लहान मुलं घरात असतील तर हे काम त्यांना द्या, दोन दिवस शांतता मिळते.

पायरी ४: पाणी मुरतंय की पळतंय

रंगाचा रिकामा डबा, दोन्ही बाजूंनी कापलेला. जमिनीत दोन इंच ठोकायचा म्हणतात पण मुरमात तो वाकतो, म्हणून जमेल तेवढा बसवून बाहेरून ओल्या मातीने लिंपून घ्या. पाणी ओता, ५० मिलिमीटरवर खूण करा, मोबाईलवर टायमर लावा. पहिल्यांदाचं पाणी कोरडी जमीन अधाशासारखं पिते, ते धरू नका. तिसऱ्या भरणीला जो वेग येतो तो खरा. पुस्तकात वाळूला तासाला ३० मिलिमीटरच्या वर, रेताड पोयट्याला २० ते ३०, आणि भारी चिकण मातीला १ ते ५ असा वेग दिलेला असतो. माळावर गवताच्या थोंबाशेजारी (झुबक्याशेजारी) डबा लावला की वेग वाळूकडे झुकतो.

पण हाच डबा दोन फुटांवर उघड्या, चरून गुळगुळीत झालेल्या जागी लावा. पाणी बसूनच राहतं! मी पहिल्यांदा डबा चुकीचा लिंपलाय असं समजून तीनदा काढला घातला. कारण नंतर कळलं. उघड्या जागेवर पावसाचे थेंब आपटून वरच्या बारीक मातीचा पापुद्रा होतो, नखाने उचलला तर कागदासारखा निघतो, आणि तो पापुद्रा पाणी आत जाऊ देत नाही. म्हणजे जिच्या पोटातून पाणी धडाधड खाली जातं ती जमीन तोंडाने मात्र बंद असते. २० मिलिमीटरचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी थोंबाखाली आणि उघड्यावर खणून बघितलं, थोंबाखाली ओल वीतभर गेलेली, उघड्यावर चार बोटं. उरलेलं पाणी घळीतून खाली, कुणाच्या तरी विहिरीला.

पायरी ५: हिशोब, हा एकदाच करा पण करा

आता खोली, खडे आणि माती हातात आहेत. आमच्यासारख्या मातीत पिकाला घेता येईल असं पाणी सेंटिमीटरमागे साधारण १.३ मिलिमीटर मावतं असं धरा. माझी खरी माती १२ सेंटिमीटर. म्हणजे सगळी टाकी पंधरा-सोळा मिलिमीटरची. त्याहून जास्त पडलेला पाऊस ती धरूच शकत नाही, मग तो ५० पडो की १०० पडो. आणि जून-जुलैत वाऱ्याने-उन्हाने उभ्या पिकातून दिवसाला ५ मिलिमीटर सहज जातात. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी, आणि पीक माना टाकायला दुसऱ्याच दिवशी सुरुवात करतं.

शेजारी मीटरभर खोल काळी असेल तर तिची टाकी दीडशे मिलिमीटरच्या पुढची, म्हणूनच सोलापूरकडे मालदांडी ज्वारी हस्ताच्या पावसाच्या ओलीवर, पुढे थेंब न पडता, थंडीत उभी राहते. आपल्या माळावर ते स्वप्नच. आपला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा जूनमध्ये आणि मग एकदम सप्टेंबरात, मध्ये जुलै-ऑगस्टात दोन-तीन आठवड्यांची उघडीप ठरलेली. तीन दिवसांची टाकी आणि वीस दिवसांची उघडीप. माळाची सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे, आणि इथे जे काही टिकतं, मग गवत असो की बोर, ते या मधल्या सतरा दिवसांचा काहीतरी बंदोबस्त केलेलं असतं. गवत सुकून झोपी जातं आणि पाऊस आला की आठ दिवसांत परत हिरवं. बोर, सीताफळ मुरमाच्या भेगांत मुळं घालून तिथली ओल शोधतात. टोमॅटोला यातलं काहीच येत नाही.

वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हा शब्द इथे वेगळ्या चालीने चालतो. काळ्या रानात पावसानंतर वापसा यायला आठवडा वाट बघावी लागते, आणि माळावर सकाळी पाऊस झाला तर संध्याकाळी वापसा आणि परवा संपला. पेरायचं ठरलं असेल तर बी, पाभर (पेरायचं अवजार), माणूस आधीच तयार हवं. आम्ही एका वर्षी ट्रॅक्टरची वाट बघत तीन दिवस घालवले आणि मटकी अर्ध्यावर उगवली.

पायरी ६: माती परीक्षण

जवळच्या प्रयोगशाळेत द्या. आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची पट्टी काढा, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या ढिगाजवळची, झाडाखालची, बांधावरची माती घेऊ नका. अहवालात बहुतेक असं येतं, पीएच ७.५ ते ८.५ च्या मध्ये, सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश भरपूर (ही बेसाल्टची देणगी). चुनखडी असेल तर लोह-जस्त अडकून बसतं आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. खत द्यायचंच तर थोडं थोडं, चार वेळा. एकदम टाकलेला युरिया पुढच्या मोठ्या पावसात मुळांच्या खाली निघून जातो, आणि ते पाणी पुढे कुणीतरी पीत असतं.

पायरी ७: पहिल्या वर्षी काय करू नका

मी धरणातला गाळ आणला होता. गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना २०१७ पासून गावोगाव माहीत झालीय, कल्पनाही चांगली आहे, पण मी काय केलं, तर वीस-बावीस ट्रॉल्या माळाच्या उतारावर सरसकट तीन-चार इंच पसरून दिल्या. काळाभोर दिसायला लागला माळ, फोटोबिटो काढले. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा वरची चिकण फुगली, खालच्या खडबडीत मुरमाशी तिचा सांधाच जमला नाही, पाणी आत जाईना आणि वरून गाळ घेऊन घळीला लागलं. जो उरला तो हिवाळ्यात भेगाळला आणि त्यात इतकं गाजर गवत आलं की बाकी काही दिसेना. आधीचं चांगलं गवत खाली दबून गेलं ते गेलंच. गाळ हवाच असेल तर झाडाच्या खड्ड्यात, मुरमात कालवून, एक भाग गाळ दोन भाग तिथलीच माती आणि शेणखत, किंवा पायथ्याच्या खोल तुकड्यात, बांध घालून, नांगरून मिसळून.

दुसरी चूक गोट्यांची. "स्वच्छ" करायचं म्हणून मजूर लावून अर्धा एकर गोटे वेचले. सासूबाईंच्या आत्या तेव्हा होत्या, ऐंशीच्या पुढच्या, बांधावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, गोटा वेचतीस ते वेच, पण त्याच्या बुडाची ओल कुठं ठेवशील?" मी हसले. दुपारी एक गोटा पलटला तर खाली गार, ओलसर, दोन वाळव्या आणि गवताची पांढरी मुळी, आणि शेजारची उघडी जमीन तव्यासारखी. वरचे दगड थेंबाचा मार झेलतात, पापुद्रा होऊ देत नाहीत, बाष्पीभवन रोखतात. नांगराला आडवे येतील एवढे मोठे काढा, मुठीएवढे राहू द्या.

आणि जेसीबी. माळ सपाट करणं म्हणजे वरची वीतभर माती एका कोपऱ्यात ढकलून उरलेल्या जागेवर मुरूम उघडा करणं. ती वीत बनायला किती पिढ्या गेल्या असतील याचा विचार डिझेलच्या तासावर होत नाही. घर बांधायची जागा आणि रस्ता सोडला तर सपाटीकरण करूच नका असं माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो.

पायरी ८: पाण्याची अडवणूक

एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर. ५०० मिलिमीटरचे वीस लाख लिटर होतात. पाणी कमी नाहीये, थांबत नाहीये. उतारावर आडवे दगडी ताल, म्हणजे ठेंगणे बांध घाला, वेचलेले मोठे गोटे इथे कामी येतात, समपातळीची रेघ ए-फ्रेमने काढा, ती तीन बांबू, सुतळी आणि एका दगडात घरी होते. ताल बांधायचा तो पाणी कोंडायला नव्हे, पाण्याची चाल मोडायला, त्यामुळे गुडघ्याच्या खाली उंची पुरते आणि फटी राहिल्या तरी चालतात, दोन वर्षांत त्यात माती भरून गवत येतं. सलग समतल चर उघड्या-बोडक्या उतारावर ठीक, पण जिथे चांगलं गवत आधीच उभं आहे तिथे चर खणू नका, पाणी धरणारी जी गोष्ट होती तीच तुम्ही उकरून टाकता.

शेततळं घ्यायचं असेल तर कागदाचा खर्च धरूनच. मुरमात खणलेल्या तळ्यात बिनकागदाचं पाणी आठ दिवस राहत नाही, ५०० मायक्रॉनचा कागद लागतोच. न घातला तर ते शेततळं नाही, विहीर भरायचा खड्डा आहे, त्याचाही उपयोग असतो म्हणा, विहीर तुमची असली तर.

ठिबक लावलं तर लक्षात ठेवा, काळ्या मातीत एका ड्रिपरची ओल थाळीसारखी पसरते, माळावर ती गाजरासारखी खाली जाते. म्हणून झाडाला एक मोठा ड्रिपर देण्यापेक्षा दोन-तीन लहान, लांब लांब, आणि पाणी दोन दिवसांतून दोन तास नको, रोज वीस मिनिटं. दोन तासांतलं दीड तासाचं पाणी मुळाखालून निघून जातं.

पायरी ९: आता गवत

हे खरं माळाचं पीक, आणि यात पैसे कमी लागतात, धीर जास्त.

कुसळी गवताचं एक कुसळ तोडून तळहातावर ठेवा आणि त्यावर थुंकीचा किंवा पाण्याचा थेंब टाका. काळं, पिळलेलं शेपूट हळूहळू उलगडत फिरायला लागतं, घड्याळाच्या काट्यासारखं, आणि खालचं टोकदार बी हाताला टोचतं. पाऊस पडला की फिरतं, ऊन पडलं की परत पिळतं, असं करत बी स्वतःच पापुद्र्याखाली स्क्रूसारखं जातं. म्हणूनच चरून उजाड झालेल्या माळावर पहिल्यांदा कुसळीच येते. मेंढीच्या लोकरीत, कातड्यातही तशीच घुसते, म्हणून मेंढपाळ तिला वैतागतात.

एक अख्खा पावसाळा चराई बंद ठेवा. काटेरी फांद्यांचं कुंपण पुरतं, शेजाऱ्यांना घरी जाऊन, चहा पिऊन सांगा, बोर्ड लावून काही होत नाही. पहिल्या वर्षी कुसळी वाढेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थोंबाथोंबातून पवन्या, शेडा, डोंगरी आणि खोलगट जागी मारवेल दिसायला लागतं, बी आसपास कुठे शिल्लक असेल तर. दख्खनच्या माळांचं मूळ गवत हेच. नसेल तर मारवेलची ठोंबं आणून पायथ्याला लावा, शेंगवर्गातलं स्टायलो पावसाच्या तोंडावर विस्कटा, बी टणक असतं, गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून घ्या. खरी रेताड, खोल माती असेल तर अंजन गवत छान येतं, आमच्या पातळ मुरमावर ते मध्यमच निघालं.

चांगला माळ दिसतो कसा हे बघायला सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ चं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, चिंकारा दिसतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी जा आणि हरणांच्या आधी जमीन बघा, थोंबांमधलं अंतर, मधल्या दगडांवरचं शेवाळ. झाडं विरळ आहेत, आणि तशीच असायला हवीत. नवीन माणूस पहिल्या पावसात एकरी पाचशे रोपं लावायला निघतो, तीन दिवसांच्या टाकीत पाचशे तोंडं. धाविक, चंडोल, टिटवी ही उघड्यावर अंडी घालणारी पाखरं तिथून उठतात ते वेगळंच. बांधाने बोर, हिवर, मुरूम मऊ असेल तिथे सीताफळ, एवढं पुरे. पुरंदरात सीताफळ-अंजीर, सांगोल्याकडे डाळिंब हलक्या जमिनीवरच नाव काढून आहेत, पण तिथे खड्डा, पाणी आणि छाटणीची मेहनत बघून या, मग ठरवा.

कापणी चाऱ्यासाठी फुलोऱ्यात, कुसळ काळं व्हायच्या आत. चार बोटं बुडखा ठेवून कापा. दर वर्षी एक पट्टा न कापता बी गळायला सोडा, पट्टा बदलत राहा. वाळलेला माळ पेटवू नका, नवीन हिरवं लवकर फुटतं असं लोक सांगतील, फुटतंही, पण तुमचा सगळा पालापाचोळा धुरात जातो आणि पापुद्रा परत उघडा पडतो.

कापणीनंतर मेंढ्या बसवा. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास कोकणाच्या वाटेला लागतात, वाटेत रात्रीचा तळ पडतो, लेंडी-मूत जागेवर पडतं, खुरांनी पापुद्रा मोडतो आणि सुटलेलं बी मातीत दाबलं जातं, हे कुठलंही यंत्र इतकं नीट करत नाही. वाड्यावरच्या (धनगरांच्या तळावरच्या) कारभाऱ्याशी आधी बोला, किती रात्री, कुठल्या पट्ट्यात, रोख द्यायची की धान्य, कुत्र्यांना भाकरी कोण देणार हेसुद्धा. आमच्याकडे दोन रात्री ठरल्या होत्या, तिसऱ्या रात्रीही कळप तिथेच, आणि राखीव ठेवलेला बियांचा पट्टा सकाळी साफ. चूक माझीच, पट्टा कुठून कुठे ते मी फोनवर सांगितलं होतं. आता चार कोपऱ्यांवर चुना मारलेले गोटे ठेवते आणि स्वतः जाऊन दाखवते.